जुनं आउटबोर्ड इंजिन घेताय? किंमत विचारू नका, तासाचा खर्च विचारा



मागच्या व्हिडिओत आपण सेकंड हँड मशिनरी घेताना होणाऱ्या चुका बघितल्या. त्यात उदाहरणं होती पीठगिरणीची, पॅकिंग मशीनची, शिलाई मशीनची. तो व्हिडिओ बघून मालवणकडच्या आपल्या एका जुन्या बॅचमधल्या भावाचा फोन आला. म्हणाला, "सर, तुम्ही सगळ्यांच्या मशीनचं सांगितलंत, आमच्या मशीनचं कोण सांगणार?"

त्याचं मशीन म्हणजे होडीच्या मागच्या फळीला लावलेलं आउटबोर्ड इंजिन. वीस फुटी फायबरची होडी, दोघंजण, जाळी टाकायची आणि सकाळी लिलावाच्या वेळेत किनाऱ्याला लागायचं. धंदा छोटा आहे, पण धंदाच आहे. आणि त्याने मशीन बदलताना जे भोगलं ते ऐकून मी त्याला म्हटलं, दादा, हे सगळ्यांना कळलं पाहिजे. त्याच्या परवानगीने, नाव न घेता, सगळा हिशोब इथे मांडतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. खालचे रुपयांचे आकडे त्याच्या व्यवहारातले आहेत, काही मी गोल केलेत. तुमच्या बंदरात भाव वेगळा असेल. आकडे पाठ करू नका, पद्धत उचला.

नेमकं काय झालं?

जुलैचा शेवटचा आठवडा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवस मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमा जवळ आलेली, सगळ्यांची होडी लोटायची घाई. याने पावसाळ्यात झाकून ठेवलेलं इंजिन काढलं तर ते गेलेलं. सिलिंडरला आतून गंज, दुरुस्तीचा खर्च परवडणारा नाही.

समोर दोन पर्याय होते, दोन्ही जुने:

पर्याय १: १५ एचपीचं टू-स्ट्रोक, ४०,००० रुपये.
पर्याय २: ९.९ एचपीचं फोर-स्ट्रोक, ८५,००० रुपये.

तुम्ही काय केलं असतं? बहुतेकांनी केलं असतं तेच त्याने केलं. एचपी जास्त आणि किंमत निम्म्याहून कमी! लगेच पैसे दिले, इंजिन टेम्पोत टाकलं, घरी आणलं.

होडीला लावल्यावर कळलं की इंजिनाचा पाय आखूड आहे. खाडीत पाणी शांत होतं तेव्हा चाललं. बाहेर जरा लाट लागली की होडीचा मागचा भाग उचलायचा, पंखा हवा ओढायचा, इंजिन एकदम किंचाळायचं आणि होडी जागच्या जागी. आठव्या दिवशी किनाऱ्यापासून लांब असताना इंजिन तापून बंद पडलं. वारा वाढत होता. नशीब, शेजारच्या होडीवाल्याने दोर टाकून ओढून आणलं.

आता ही वाईट बातमी फक्त पैशाची नाही हे लक्षात घ्या. पीठगिरणी बंद पडली तर गिऱ्हाईक परत जातं. पाण्यात मशीन बंद पडलं तर माणूस परत येईल का, हा प्रश्न असतो.

पहिली पायरी: इंजिन बघायला जाण्याआधी होडी मोजा

आउटबोर्डचा पाय ठरावीक लांबीत येतो. शॉर्ट शाफ्ट म्हणजे साधारण १५ इंच, लाँग शाफ्ट म्हणजे २० इंच, त्याहून मोठा २५ इंच. तुमच्या होडीला कुठला लागतो ते फळीची उंची ठरवते. मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून, जिथे इंजिनाचा शिकंजा बसतो तिथून, मधोमध खाली तळापर्यंत सरळ उभं माप घ्या. २० इंच आलं तर लाँग शाफ्ट, १५ आलं तर शॉर्ट.

बसवल्यावर तपासायचं कसं? पंख्याच्या वर एक आडवी सपाट पट्टी असते. ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी. पट्टी तळाच्या वर राहिली तर पंखा हवा ओढणार. शिवाय इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारी जाळीही तिथेच खाली असते, ती पाण्याबाहेर आली की पंप कोरडा फिरणार. पंपातलं रबरी चक्र, ज्याला इम्पेलर म्हणतात, ते काही वेळात जळतं. मग इंजिन तापतं. आपल्या भावाचं झालं ते हेच.

उलटं झालं, म्हणजे पाय जास्त लांब असला, तर पंखा उगाच खोल जातो, पाणी अडवतो, पेट्रोल जास्त खातो आणि खाडीच्या तोंडाशी वाळूच्या पट्टीवर आपटतो.

गावातल्या एका सुताराने त्याला सोपा उपाय सुचवला होता: फळी पाच इंच कापून टाकू, इंजिन आपोआप खाली बसेल. बंदरावरचे एक म्हातारे तांडेल काका तिथे होते. ते म्हणाले, "अरे झिला, फळी कापू नको. मागसून लाट इली तर पाणी सरळ भितुर येतला." काकांचं शंभर टक्के बरोबर. फळीची उंची ही मागच्या लाटेपासूनची तुमची भिंत आहे. इंजिन होडीला जुळवायचं, होडी इंजिनाला नाही.

फळीची ताकदही बघा. फायबरच्या होडीत फळीच्या आत बहुतेक वेळा लाकूड किंवा प्लाय असतं. जुन्या बोल्टच्या भोकातून पाणी शिरून ते आतून कुजतं, वरून मात्र चकचकीत दिसतं. हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर आधी फळीचं काम. जुनं इंजिन लावलेलं असेल तर त्याचा पाय धरून वर-खाली हलवा. फळी वाकताना दिसली तर थांबा.

दुसरी पायरी: जास्त एचपी म्हणजे जास्त कमाई नाही

हा मुद्दा नीट समजून घ्या, इथेच पैसा जातो.

पाणी कापत जाणाऱ्या होडीला तिच्या लांबीप्रमाणे वेगाची एक मर्यादा असते. पाण्याला टेकलेली लांबी फुटात घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. येतो तो वेग नॉटमध्ये. वीस फुटांसाठी हा आकडा साधारण ६ नॉट, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. त्यापुढे होडी स्वतःच्याच लाटेवर चढायला लागते. तिथे तुम्ही दीडपट एचपी लावा, वेग किंचित वाढेल, पेट्रोल मात्र भरपूर जाईल.

सपाट बुडाची, हलकी, पाण्यावर उचलून धावणारी बोट असेल तर गणित वेगळं. पण जाळी, मासळी, बर्फ आणि दोन माणसं घेऊन चालणाऱ्या जड होडीला हीच मर्यादा लागू. म्हणून प्रश्न "किती एचपी मिळतंय" असा नको. "भरलेली होडी उलट्या वाऱ्यात सुरक्षित परत आणायला किती एचपी पुरतं" असा विचारा. होडी बांधणाऱ्याने जास्तीत जास्त किती एचपी आणि किती वजन सांगितलंय, ती मर्यादा कधीच ओलांडू नका.

तिसरी पायरी: जुनं इंजिन तपासताना या आठ गोष्टी

मेकॅनिकला सोबत न्याच. त्याला दिलेली फी ही विम्याच्या हप्त्यासारखी आहे. पण स्वतःलाही हे माहीत पाहिजे.

१. आधी हात लावा. तुम्ही पोचायच्या आधीच इंजिन गरम असेल तर विकणाऱ्याने ते चालू करून ठेवलंय. थंड इंजिन किती ओढीत चालू होतं ते बघायचं असतं. म्हणा, "थंड होऊ दे, चहा घेऊन येतो."

२. कोरडं चालवू देऊ नका. पाय पाण्याच्या ड्रममध्ये बुडवूनच चालू करा. मागच्या छोट्या छिद्रातून पाण्याची धार सलग यायला हवी. धार नाही तर सौदा नाही.

३. कॉम्प्रेशन मोजा. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, गेज लावून दोर ओढायचा. दोन सिलिंडरच्या आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर आत काहीतरी शिजतंय.

४. गिअरचं ऑइल बघा. खालचा स्क्रू थोडा ढिला करून चार थेंब बोटावर घ्या. दुधासारखं पांढुरकं असेल तर आत पाणी शिरलंय. चकचकीत कण लागले तर गिअर झिजलेत.

५. पंखा काढून मागे बघा. आपल्याकडे हे फार होतं: जाळ्याचा नाहीतर गरीचा नायलॉन दोरा शाफ्टला गुंडाळतो आणि सील कापतो. पाणी शिरायची वाट तीच.

६. हेडवरचा रंग बघा. रंग फुगलेला, करपलेला असेल तर इंजिन पूर्वी कधीतरी तापलंय. एकट्या भागावर नवा कोरा रंग दिसला तरी विचारा, का मारला?

७. झिंकचा तुकडा बघा. खाऱ्या पाण्यात इंजिनाऐवजी स्वतः झिजायला तो लावलेला असतो. झिजलेला असेल तर चांगलं, तो काम करतोय. नसेलच, किंवा त्यावर रंग मारला असेल, तर गंज इंजिनाला लागलाय असं समजा.

८. पार्ट्सच्या दुकानात आधी जा. मॉडेल नंबर सांगून इम्पेलर, हेड गॅस्केट आणि कार्ब्युरेटर किट मिळतं का विचारा. दुकानदार "मागवावं लागेल, नक्की नाही" म्हणाला तर ते इंजिन फुकटातही महाग आहे.

इंधनाच्या नळ्या जुन्या इंजिनात सरसकट बदलून टाका. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. म्हणूनच बंदीच्या दोन महिन्यांत टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ठेवू नका.

चौथी पायरी: भरलेल्या होडीने पाण्यात चाचणी

रिकामी होडी पळवून बघणं म्हणजे रिकामा टेम्पो घाटात चढवून बघणं. जाळी, माणसं, वजन घेऊन चाचणी करा. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे आरपीएम किती हवेत ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. मेकॅनिककडे प्लगच्या वायरला लावायचा छोटा मीटर असतो, त्याने मोजा.

आरपीएम कमी पडत असतील तर पंखा जड आहे. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी ओढावी तसं इंजिन मरतंय. कमी पिचचा पंखा लावा. आरपीएम मर्यादेच्या वर जात असतील तर पिच वाढवा. पिच एक इंच बदलला की साधारण दीडशे ते दोनशे आरपीएमचा फरक पडतो. आधीच्या मालकाची होडी वेगळी होती, म्हणून त्याचा पंखा तुमच्या होडीला चालेलच असं नाही.

पाचवी पायरी: आता खरा हिशोब

आपल्या भावाने शेवटी ते आखूड पायाचं इंजिन त्याच जातीच्या लाँग शाफ्ट इंजिनाशी बदलून घेतलं. वही काढून आम्ही खर्च लिहिला:

इंजिन: ४०,०००
अदलाबदलीला वरचे: १०,०००
पंप आणि इम्पेलर: ३,५००
कार्ब्युरेटर सफाई, नळ्या: ३,०००
फळीचं काम, बोल्ट: ५,०००
मेकॅनिक: ४,५००
एकूण: ६६,०००

त्यात आठ दिवस होडी किनाऱ्याला. सीझनच्या सुरुवातीला खर्च जाऊन दिवसाला २,००० हातात राहत होते. म्हणजे आणखी १६,००० गेले. चाळीस हजारांचं मशीन ८२,००० ला पडलं!

फोर-स्ट्रोकलाही बसवण्याचा खर्च आलाच असता. १०,००० धरू, म्हणजे ९५,०००. वाटलं होतं ४५,००० वाचले, प्रत्यक्षात वाचले १३,०००.

आणि इंधन? तो महिन्याला साधारण १८ दिवस, वर्षाला १८० दिवस जातो. रोज इंजिन ३ तास चालतं. म्हणजे वर्षाला ५४० तास. पेट्रोल हिशोबापुरतं १०५ रुपये लिटर धरलं.

टू-स्ट्रोक: तासाला ४.५ लिटर. वर्षाला २,४३० लिटर, म्हणजे २,५५,१५० रुपये. पन्नासास एक या प्रमाणात ऑइल मिसळायचं, ते ४८.६ लिटर. ३५० रुपयांनी १७,०१०. एकूण २,७२,१६०. तासाला ५०४ रुपये.

फोर-स्ट्रोक: तासाला ३ लिटर. वर्षाला १,६२० लिटर, म्हणजे १,७०,१०० रुपये. दर शंभर तासांनी ऑइल बदल, वर्षाचे साधारण २,५००. एकूण १,७२,६००. तासाला ३२० रुपये.

एका फेरीला फरक ५५३ रुपये. कागदावरचा ४५,००० चा फरक ८२ फेऱ्यांत, म्हणजे साडेचार महिन्यांत भरून निघाला असता. प्रत्यक्षातला १३,००० चा फरक तर २४ फेऱ्यांत. त्यानंतर प्रत्येक फेरीला ५५३ रुपये तो समुद्रात ओततोय, सर्वपित्री असो की शिमगा.

हा हिशोब त्याला दाखवला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, मी मशीन विकत घेतलं असं समजत होतो. मी तर पेट्रोलचा हप्ता विकत घेतला."

मग टू-स्ट्रोक घेऊच नये का?

असं मी म्हणत नाही. तुम्ही वर्षाला पन्नासच फेऱ्या करत असाल तर वर्षाचा फरक २७,६५० होतो आणि ४५,००० भरून निघायला दीड वर्षाच्या वर जातं. टू-स्ट्रोक वजनाला हलकं, रचना साधी, बंदरावर कुणीही उघडून दुरुस्त करतो. फोर-स्ट्रोक जुनं आणि नीट न सांभाळलेलं असेल तर त्याची दुरुस्ती महाग. कमी तास चालणाऱ्याने स्वस्त मशीन घ्यावं, जास्त तास चालणाऱ्याने कमी पिणारं. कुठल्याही धंद्यात हाच नियम.

तुमचा तासाचा आकडा काढणं सोपं आहे. पंधरा दिवस वहीत दोनच गोष्टी लिहा: किती लिटर भरलं, इंजिन किती तास चाललं. भागाकार करा. झालं.

कागद आणि सुरक्षितता

विकणाऱ्याकडून लेखी पावती घ्या, त्यावर इंजिनाचा नंबर हवाच. नंबरची पट्टी खरवडलेली असेल तर हात जोडून निघा. इंजिन बदललं की मत्स्यव्यवसाय विभागाच्या स्थानिक कार्यालयात जाऊन नोंदणी-परवान्यातली माहिती अद्ययावत करून घ्या. आणि वल्ह्यावरच्या होडीला पहिल्यांदाच इंजिन लावत असाल तर एक विचार आधी करा: बिगरयांत्रिक पारंपरिक होडीला पावसाळी बंदीतून सूट असते, इंजिन लावलं की ती जाते. ते दोन महिनेही हिशोबात धरा.

होडीत कायम ठेवा: वल्ही, नांगर, जादा प्लग आणि पाना, जादा दोर, शिअर पिन, लाइफ जॅकेट. इंजिनाला साखळीने होडीशी बांधा, शिकंजा सैल झाला तर मशीन तळाला जातं. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला हवीच. माणूस पाण्यात पडला आणि होडी निघून गेली, तर बाकी सगळे हिशोब संपले. आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने इंजिन आतून धुवा, रोज.

शेवटचं

आपल्या भावाची खरी चूक टू-स्ट्रोक घेणं ही नव्हती. त्याने इंजिन जुलैच्या शेवटच्या आठवड्यात शोधलं, ही होती. घाईत असलेल्या माणसाला विकणारा भाव सांगतो, मोजमाप कुणी सांगत नाही. होडी किनाऱ्याला लागली की जूनच्या पहिल्या आठवड्यात इंजिन चालवून बघा, धुवा, पेट्रोल काढा. बदलायचं असेल तर तेव्हाच शोधायला लागा. साठ दिवस हातात असतात.

आणि दर फेरीला शंभर रुपये "मशीनचे" म्हणून वेगळ्या डब्यात टाका. १८० फेऱ्यांचे वर्षाला १८,००० होतात. पुढच्या वेळी ४०,००० आणि ८५,००० समोर आले, तर निर्णय खिसा घेणार नाही, तुम्ही घ्याल. आपल्या भावाने डबा सुरू केलाय. पुढच्या जूनमध्ये तो टू-स्ट्रोक विकायला काढणार आहे, आणि घेणाऱ्याला पायाची लांबी आधी सांगणार आहे.

हिशोब करा, मगच पैसे मोजा. भेटूया पुढच्या व्हिडिओत.